थर्मल किलोच्या भावाने जाऊ देऊ नका

उदगीरच्या स्टेशनावर आम्हा पोरांचा एक खेळ होता. विकाराबादकडून मालगाडी आली की वाघिणी मोजायच्या. आकडा चाळिसाच्या पुढं गेला की कुणाचा तरी हिशेब चुकायचा आणि भांडण लागायचं. वाघिणींच्या काठावर काळा ढीग आलेला असे. गाडी धक्का खाऊन थांबली की दोन-चार खडे रुळाकडेला पडत आणि पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायका ते वेचत. एकदा मी वडिलांना विचारलं, रोज एवढा कोळसा जातो कुठं? ते म्हणाले, "परळीला. थर्मलला." घरी आल्यावर भिंतीवरच्या बल्बकडं बोट करून म्हणाले, "हे त्याचंच आहे बघ."

त्या काळी परळीपर्यंत ब्रॉडगेज जायची ती आपल्याच बाजूने. विकाराबाद, बीदर, भालकी, उदगीर, लातूर रोड आणि पुढं परळी. परभणीकडून येणारी लाईन मीटरगेज होती. त्यामुळं सिंगरेणीच्या खाणींचा कोळसा परळीच्या बॉयलरमध्ये पडण्याआधी आमच्या डोळ्यांसमोरून जायचा. परळीचं औष्णिक विद्युत केंद्र बीड जिल्ह्यात असलं तरी उदगीरकरांचा त्याच्यावर हक्क आहे असं मी म्हणतो ते यासाठी. आणि हक्क आहे तिथं जबाबदारीही आहे. आज हा लेख लिहितोय तो त्या जबाबदारीपोटी.

परळीचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. क्षमता ३० मेगावॅट. दुसरा तेवढाच संच पुढच्या वर्षी आला. ते साल मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात माणसं खडी फोडत होती, सुकडीवर दिवस काढत होती, आणि त्याच दिवसांत परळीत टर्बाइन फिरत होतं. पुढं १९८०, १९८५ आणि १९८७ मध्ये २१० मेगावॅटचे तीन संच आले. मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या अमलातून सुटला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, आणि त्यानंतर अकरा वर्षांत आपल्या भागात एवढं मोठं वीज केंद्र उभं राहिलं. शंकरराव चव्हाणांकडं पाटबंधारे आणि वीज खातं होतं, तो हा काळ. जायकवाडीचा पाया १९६५ मध्ये घातला गेला, तो याच धडपडीचा भाग. धरणाचं नाव आपल्या पोरांच्या पाठ्यपुस्तकात आहे. थर्मलची आठवण मात्र कुणी काढत नाही.

हे पाचही जुने संच आता सेवेतून निवृत्त झालेत. आज परळीत वीज तयार होते ती २००७ पासून पुढं आलेल्या २५० मेगावॅटच्या तीन संचांवर. यंत्र जुनं झालं, कोळसा जास्त खाऊ लागलं, तर ते थांबवायलाच हवं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी काळजी पुढची आहे. निवृत्त झालेल्या संचाचं काय होतं ते देशभर ठरलेलं आहे. निविदा निघते, भंगाराचा ठेका जातो, गॅस कटर लागतो, तांबं वेगळं, पितळ वेगळं, लोखंड वेगळं, आणि पन्नास वर्षांचा इतिहास वजनकाट्यावरून ट्रकमध्ये चढतो. कागद तर काट्यावरही चढत नाहीत. ते जातात रद्दीत.

जे गेलं ते गेलं. जे उरलंय ते वाचवायला मात्र आपल्या हातात फार वेळ नाही.

नेमकं काय जातंय ते एका माणसाच्या पेटीतून सांगतो. आमच्या गल्लीत एक काका राहतात. सगळी नोकरी त्यांनी परळीच्या थर्मलमध्ये काढली, शेवटची बरीच वर्षं कंट्रोल रूममध्ये. निवृत्त झाल्यावर उदगीरला परत आले. त्यांच्याकडं एक पत्र्याची पेटी आहे. तीत पितळी बिल्ला आहे, एक पिवळं पडलेलं हेल्मेट आहे, आणि एक लॉगशीट आहे, चार घड्या घातलेलं. टेबलाएवढा कागद, त्यावर आडव्या-उभ्या रेघा, दर तासाला एक रकाना. वाफेचा दाब, वाफेचं तापमान, बेअरिंगचं तापमान, लोड. निळ्या शाईचे आकडे, एका कोपऱ्यात ऑइलचा अंगठा उमटलेला. रात्री दोनच्या रकान्यातले आकडे इतर आकड्यांपेक्षा मोठे आणि वाकडे आहेत. का, असं विचारलं तर म्हणाले, "ट्रिप झालं होतं तेव्हा. हात थरथरत होता." ट्रिप म्हणजे संच अचानक बंद पडणं.

त्या एका वाकड्या आकड्यात मला जेवढा इतिहास दिसला तेवढा शिलालेखात दिसला नसता.

काकांनी मला संच सिंक्रोनाइज कसा करतात ते चहाच्या बशीवर बोट फिरवून दाखवलं. टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर आणायचं. कमी नाही, जास्त नाही, कारण देशभरच्या तारांत वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि आपल्याला त्याच तालात मिसळायचंय. पॅनेलवर एक घड्याळासारखा डायल असतो, सिंक्रोस्कोप. त्याचा काटा भरभर फिरत असतो. मशीन तालात येऊ लागलं की काटा मंद होतो. तो सावकाश वर येतो, बाराच्या जवळ पोचतो, त्या क्षणी ब्रेकर बंद करायचा. आधी केला तर हादरा, उशिरा केला तर हादरा. "मुलीच्या लग्नात अक्षता टाकताना जसं सगळे गप्प होतात ना," काका म्हणाले, "तशी कंट्रोल रूम गप्प व्हायची." आणि मग लोड चढायला लागला की कुणीतरी चहा मागवायचं.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला माहीत नव्हती. संच बंद केला तरी रोटर लगेच थांबवायचा नसतो. सुमारे ५४० अंशांच्या वाफेवर चाललेलं ते धूड गरम असताना एका जागी उभं राहिलं तर स्वतःच्याच वजनानं वाकतं. म्हणून त्याला कितीतरी तास हळूहळू फिरवत ठेवतात. त्याला बारिंग गिअर म्हणतात. रात्रपाळीला संच बंद असेल तर हॉलमध्ये तेवढाच एक मंद आवाज चालू असतो.

हे ज्ञान कुठल्या पुस्तकात सापडत नाही असं नाही. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात सापडेल. पण परळीच्या हॉलमध्ये तो आवाज कसा होता, मे महिन्यात बॉयलरच्या वरच्या मजल्यावर माणसं कशी उभी राहात, कोळसा पावसात भिजला की तो दळणारी बाउल मिल कशी तुंबायची आणि मग कोण पळायचं, ते फक्त या माणसांना माहीत आहे. पहिल्या संचावर विशीत लागलेली माणसं आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. एकेक करून ती जाताहेत, आणि त्यांच्या पेट्या पोरं माळ्यावर टाकताहेत.

माझ्या आजोळी, देवणीजवळच्या एका गावात, आजी घासलेटची चिमणी लावायची. काचेची नव्हे, डब्याच्या पत्र्याची, वर वात काढलेली. पहाटे उठलं की नाकातून काळं यायचं. पुढं गावात खांब आले, आणि आजी म्हणाली, आता चिमणी पुसायला नको. थर्मलच्या उंच धुराड्यालाही आपण चिमणीच म्हणतो. एक चिमणी विझली ती दुसरी पेटली म्हणून, हे आजीला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. विहिरीवर मोटार बसली, मोट गेली, पिठाची गिरणी तेलाच्या इंजिनावरून विजेवर आली. मराठवाड्याच्या खेड्यात पन्नास वर्षांत जे बदललं त्यातलं अर्धं अधिक या तारेतून आलंय.

आता थोडं दूर जातो, कारण दूरचं पाहिल्यावर आपलं मोल कळतं.

डिसेंबर १९२० मध्ये, यादवी युद्धानं खंक झालेल्या सोव्हिएत रशियानं एक योजना आखली. गोएलरो तिचं नाव. दहा-पंधरा वर्षांत तीस वीज केंद्रं उभारायची, वीस औष्णिक आणि दहा पाण्यावरची. तेव्हा मॉस्कोत घरं तापवायला लाकूड मिळत नव्हतं. तरी १९२२ मध्ये काशिराचं केंद्र सुरू झालं, मग पीट जाळणारं शातुरा, आणि १९२६ मध्ये वोल्खोव नदीवरचं जलविद्युत केंद्र. वोल्खोव आजही वीज देतं. या केंद्रांच्या जुन्या इमारती, जुनी यंत्रं हा तिथल्या लोकांना आपला वारसा वाटतो, आणि त्या पाडायला निघालं की माणसं उभी राहतात. मॉस्कोत १९०७ साली ट्रामसाठी बांधलेलं जुनं वीजघर २०२१ मध्ये कलाकेंद्र म्हणून लोकांना खुलं झालं. लंडनचं बँकसाइड केंद्र १९८१ मध्ये बंद पडलं होतं, २००० मध्ये ते टेट मॉडर्न झालं, आणि जिथं टर्बाइन होती त्या हॉलला आजही टर्बाइन हॉलच म्हणतात.

रशियाचं नाव मी मुद्दाम काढलं. हरिद्वारचा भेलचा कारखाना १९६० च्या दशकात सोव्हिएत मदतीनं उभा राहिला. तिथं तयार झालेल्या सुरुवातीच्या २०० आणि २१० मेगावॅटच्या टर्बाइनची रचना लेनिनग्राडच्या मेटल वर्क्सची. जुने ऑपरेटर त्याला एलएमझेड म्हणतात, गावातल्या जुन्या सावकाराचं नाव घ्यावं तसं सहज. त्याच कारखान्यानं १९२४ मध्ये सोव्हिएत देशातलं पहिलं स्टीम टर्बाइन घडवलं होतं, अवघ्या २ मेगावॅटचं. त्या २ मेगावॅटपासून निघालेली विद्या पन्नास-साठ वर्षांत भारतभरच्या थर्मलमध्ये पोचली. पन्नास अंशांच्या फरकाच्या दोन हवामानांत, दोन भाषांत, माणसं एकाच आवाजाकडं कान लावून रात्रपाळी करत होती. ही गोष्ट आपल्या पोरांना सांगायला आपल्याकडं एखादा रोटर तरी नको का?

आणि आपलं नुकसान आपण याआधी एकदा केलेलं आहे. आपण हैदराबाद संस्थानात असताना, १९२० मध्ये, म्हणजे गोएलरो ज्या वर्षी आखली त्याच वर्षी, हुसेनसागरच्या काठावर निजाम सरकारनं औष्णिक वीज केंद्र उभारलं. ते १९८३ मध्ये बंद झालं आणि १९९५ मध्ये पाडलं गेलं. आज उदगीरची माणसं दवाखान्याला किंवा खरेदीला हैदराबादला जातात, हुसेनसागरकाठच्या बागेत पोरांना खेळवतात, आणि आपल्या जुन्या राजधानीचं पहिलं मोठं वीजघर आपण त्याच जागेवर गमावलंय हे कुणाच्या गावीही नसतं. तिथं एक पाटी असती, एक धुराडं ठेवलं असतं, एक यंत्र काचेमागं उभं केलं असतं, तर पोरानं विचारलं असतं, बाबा, हे काय? तो प्रश्न विचारायची सोयच संपली.

माझ्या या म्हणण्यावर परळीतलाच एखादा माणूस चिडून उठेल हे मला माहीत आहे. तो म्हणेल, तुम्ही उदगीरला राहता, तुम्हाला राख खावी लागली नाही. त्याचं खरं आहे. दादाहरी वडगावच्या शिवारात राखेची तळी झाली. वारा सुटला की राख घरात, पाण्याच्या हंड्यावर, ज्वारीच्या कणसावर. जमिनी गेल्या त्यांच्या गेल्या. राखेवर वीटभट्ट्या उभ्या राहिल्या, त्यांच्यावर माणसं जगलीही आणि खोकलीही. मी थर्मलची आरती करा म्हणत नाही. मी म्हणतो, राखेसकट ठेवा. संग्रहालयात टर्बाइनच्या शेजारी राखेचा एक ढिगारा हवा, आणि ज्यांची जमीन गेली त्यांचा आवाजही हवा. गेलेल्या जमिनींचा हिशेब कुठं लिहून ठेवला नाही तर उद्या कुणीही म्हणेल की परळीत असं काही झालंच नव्हतं. सगळं भंगारात काढलं तर पहिली पुसली जाते ती सोसणाऱ्याची बाजू.

पाण्याचंही तसंच. फेब्रुवारी २०१३ मध्ये गोदावरीवरचा खडका बंधारा आटला आणि ११३० मेगावॅटचं अख्खं केंद्र बंद करावं लागलं. २०१५ मध्ये पुन्हा तेच. थर्मलला वाफेपेक्षाही थंड करायला पाणी लागतं, ते कूलिंग टॉवरमधून हवेत जातं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्या लाईनवरून कोळसा जायचा, मग त्याच जिल्ह्यात रेल्वेनं पाणी आलं. मराठवाड्यात पाणी आणि वीज यांचं नातं शिकवायला परळीइतकी चांगली शाळा दुसरी नाही. ती शाळा आपण मोडून विकायला काढायची?

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढं मोठं धूड सांभाळायचं कुणी? मी अख्खं केंद्र जपा म्हणतच नाही. हे केंद्र चालवणाऱ्या महानिर्मितीला माझी मागणी साधी आहे. जुन्या संचांपैकी जे काही परिसरात, गोदामात, वर्कशॉपमध्ये शिल्लक असेल, त्याची यादी करा आणि ती होईपर्यंत त्यातलं काही विकू नका. एक रोटर, किंवा त्याची एक चकती पात्यांसकट, बाजूला ठेवा. कंट्रोल रूमचं एक पॅनेल ठेवा, काट्यांसकट, मराठीत चिकटवलेल्या सूचनांसकट. यंत्रांच्या नावाच्या धातूच्या पाट्या ठेवा, त्या खिशात मावतात म्हणून सगळ्यात आधी नाहीशा होतात. ड्रॉइंग आणि लॉगशीट रद्दीत देऊ नका. आणि थर्मलच्या परिसरात, किंवा परळी शहरात जिथं वैजनाथाला येणारी हजारो माणसं सहज जाऊ शकतील तिथं, एक हॉल द्या. एकच. भंगाराच्या एका ठेक्यापुढं हा खर्च किती, हा हिशेब महानिर्मितीच्या अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगला येतो.

कायद्यावर विसंबून चालणार नाही. केंद्राचा पुरातत्त्व कायदा शंभर वर्षांपुढच्या वास्तूंचा विचार करतो. परळीचा पहिला संच आत्ताशी पन्नाशी ओलांडून गेलाय. शंभरी भरायची वाट पाहिली तर जपायला काहीच उरणार नाही. उदगीरचा किल्ला आपण जपतो, जपायलाच हवा, १७६० ची लढाई इथं झाली. पण किल्ला बांधला तेव्हा कुणी तो वारसा म्हणून बांधला नव्हता. तो कामाचा होता, नंतर निकामी झाला, मधल्या काळात त्याचे दगड लोकांनी घराला नेले, आणि जे उरलं ते आज आपण वारसा म्हणून पाहायला जातो. थर्मल आज त्या मधल्या काळात आहे. दगड न्यायचे दिवस चालू आहेत.

आता तुमच्याकडं येतो, वाचणाऱ्यांकडं. सरकारनं काय करावं ते सांगून मोकळं होता येतं, पण यातलं निम्मं काम आपल्या घरात आहे. परळी, अंबाजोगाई, लातूर, अहमदपूर, नांदेड, उदगीर, जिथं जिथं थर्मलचा माणूस राहतो तिथं एक पेटी आहे. पेटी उघडा. जुना फोटो सापडला तर मागं नावं लिहा, आत्ताच, ज्यांना नावं आठवतात ते असेपर्यंत. बिल्ला, पगाराची चिठ्ठी, संच सुरू झाल्याच्या दिवशी बुंदी वाटतानाचा फोटो, युनियनचं पत्रक, रात्रपाळीचा डबा, काहीही. टाकू नका. मोबाइल आहे ना हातात? वडिलांना, काकांना, मामांना समोर बसवा आणि तासभर बोलू द्या. मध्ये टोकू नका. आईलाही विचारा, कारण तीन पाळ्यांच्या घरात झोप कशी लागायची ते तिला माहीत आहे.

आमच्या भागातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, त्याच्याशी जोडलेली लातूर-नांदेडची महाविद्यालयं, उदगीरचं उदयगिरी महाविद्यालय, सगळीकडं इतिहासाचे विभाग आहेत, आणि प्रकल्पासाठी विषय शोधणारी पोरं आहेत. एका पोराला पाच निवृत्त कामगार द्या. दोन वर्षांत शंभर मुलाखती जमतील. अभियांत्रिकीच्या पोरांना सोबत द्या, म्हणजे "ट्रिप" म्हणजे काय हे इतिहासाच्या पोरांना कळेल. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरनं पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं. मांडव, पाणी, जेवण, पाहुणे, सगळं याच गावानं केलं. जे गाव ते करू शकतं ते गाव शंभर माणसांचं बोलणं टिपून ठेवू शकत नाही, हे मला पटत नाही.

आणि बीड, लातूर, नांदेडच्या लोकप्रतिनिधींनो, हा प्रश्न तीन जिल्ह्यांचा आहे, एका मतदारसंघाचा नाही. सभागृहात एकानं तरी विचारा की परळीच्या निवृत्त संचांतलं काय काय शिल्लक आहे आणि कुठं आहे. उत्तर लेखी येईल. तेवढं लेखी उत्तर हीच पहिली यादी ठरेल. आज चालू असलेले २५० चे संचही एक दिवस थांबणार आहेत. त्यांच्यासाठी तरी शेवटच्या दिवशी कुणाला धावाधाव करावी लागू नये.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. काकांचं लॉगशीट सपाट करून दोन काचांमध्ये ठेवलं, त्याचा फोटो काढून तिघांना पाठवला, म्हणजे एक प्रत हरवली तरी दोन राहतील. बिल्ल्याचा नंबर वहीत लिहून घेतला. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसतो. पहिल्या दिवशी ते बोलायलाच तयार नव्हते, म्हणत होते, आमचं काय सांगायचं, आम्ही नोकरी केली. आता ते माझ्याआधी ओट्यावर येऊन बसलेले असतात, आणि आठवलेली नावं सिगरेटच्या पाकिटामागं लिहून आणतात. गेल्या गुरुवारी १९८० पर्यंत आलो. तिसरा संच उभा राहत होता, क्रेननं रोटर उचलला होता आणि खाली सगळे श्वास रोखून उभे होते. तेवढ्यात लाईट गेली आणि बोलणं थांबलं. येत्या गुरुवारी तिथूनच पुढं सुरू करणार आहोत.